मनोऱ्यात पहारेकरी नव्हता: मालागाचा सूर्यकिनारा आणि त्यामागची डोंगरी नगरे

स्पेनच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्रालगत, मालागा प्रांताचा किनारा पसरलेला आहे. त्याला ‘कोस्टा देल सोल’ म्हणतात; शब्दशः, सूर्याचा किनारा. उत्तर युरोपातील लक्षावधी माणसे दरवर्षी येथे केवळ ऊन अंगावर घेण्यासाठी येतात. वाळूला लागूनच हॉटेलांची रांग सुरू होते आणि मैलोगणती संपत नाही.

मात्र या प्रांतातील व शेजारच्या ग्रानादा प्रांतातील जुनी नगरे पाहायची असतील, तर समुद्राकडे पाठ फिरवून घाट चढावा लागतो. रोंडा एका भयंकर दरीच्या काठावर उभे आहे. अल्हामा नदीच्या खोल घळीवर टेकले आहे. मिखास समुद्रापासून जवळ असूनही सुमारे ४०० मीटर उंचावर, डोंगराच्या कुशीत दडले आहे. चुन्याने पांढरी केलेली घरे, अरुंद वळणदार गल्ल्या, वर कोट. समुद्र इतका मोहक, तर माणसे त्याच्यापासून दूर का गेली?

पाणी, शेती, हवा ही उत्तरे खरी आहेत, परंतु अपुरी आहेत. उरलेले उत्तर भीती हे आहे. आजच्या धाग्यात आपण एका प्रवाशाच्या मागोमाग हा मुलूख पाहू, आणि त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्याच वाटेने आलेल्या सैन्याच्या मागोमाग पुन्हा एकदा पाहू.

तो प्रवासी म्हणजे इब्न बतूता. महाराष्ट्रातील इतिहासप्रेमींना तो परका नाही. मोरोक्कोतील तांजियर येथे १३०४ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काझी होता. दौलताबादचा किल्ला आणि तेथील मराठे यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. त्या किल्ल्यातील कैदखान्यात मांजरांहून मोठे उंदीर आहेत, ही ऐकीव गोष्टही त्याने अगदी गांभीर्याने नोंदवली. गोव्यावरील (त्याच्या लेखी ‘सिंदाबूर’) एका स्वारीत तो स्वतः सामील होता. पुढे चीनपर्यंतचा प्रवास आटोपून तो मायदेशी परतला आणि १३५० मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून स्पेनमध्ये उतरला.

त्या वेळचा नकाशा डोळ्यांसमोर आणू या. इ.स. ७११ मध्ये तारिक इब्न झियाद जिब्राल्टरला उतरला (‘जबल तारिक’, तारिकचा डोंगर, यावरूनच ते नाव) आणि त्यानंतर जवळजवळ सारा स्पेन मुसलमानी सत्तेखाली आला. चौदाव्या शतकापर्यंत हे चित्र पालटले होते. कोर्दोबा १२३६ मध्ये आणि सेव्हिल १२४८ मध्ये कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाने जिंकले. उरले ते दक्षिणेचे एक डोंगराळ राज्य: नासरी घराण्याचे ग्रानादा. उत्तरेला कॅस्टिल, दक्षिणेला समुद्र, पलीकडे मोरोक्को. कधी कॅस्टिलला खंडणी भरायची, कधी मोरोक्कोकडून कुमक मागायची, अशा कसरतीवर हे राज्य अडीचशे वर्षे टिकले. कॅस्टिलचा राजा अकरावा अल्फोन्सो जिब्राल्टरला वेढा घालून बसला असताना मार्च १३५० मध्ये प्लेगने मेला. तो मेला नसता तर इब्न बतूताला हा प्रवास बहुधा करताच आला नसता.

जिब्राल्टरहून तो रोंडाला गेला. तेथील काझी त्याचा चुलतभाऊ होता. रोंडाच्या बळकटपणाची आणि देखण्या जागेची त्याने स्तुती केली, पाच दिवस मुक्काम केला आणि डोंगर उतरून तो किनाऱ्यावरील मार्बेयास आला.

यापुढचा प्रसंग मुळातूनच पाहण्यासारखा आहे.

मार्बेयाहून मालागाकडे बारा घोडेस्वारांची एक तुकडी निघाली होती. इब्न बतूताला त्यांच्याच सोबतीने जायचे होते. पण जमले नाही, ते पुढे निघून गेले. हा मागून निघाला. सुहैलच्या हद्दीत, म्हणजे आजच्या फुएन्खिरोला शहराजवळ, वाटेकडेच्या चरात त्याला एक मेलेला घोडा दिसला. थोडे पुढे मासळीची एक टोपली जमिनीवर फेकलेली. मनात पाल चुकचुकली. समोर टेहळणीचा मनोरा होता. शत्रू आला असता तर मनोऱ्यावरच्या माणसाने इशारा दिला असता, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि तो पुढे चालत राहिला. पुढे एका घरापाशी आणखी एक मारलेला घोडा. तेवढ्यात मागून हाक आली. सुहैलच्या किल्ल्याचा अधिकारी आला होता. त्याने खुलासा केला: शत्रूची वल्ह्यांची चार लढाऊ जहाजे किनाऱ्याशी आली, त्यांतून माणसे उतरली, आणि नेमका त्याच वेळी मनोऱ्यात पहारेकरी नव्हता. बारा स्वारांपैकी एक मारला गेला, एक निसटला, दहा जण पकडले गेले. टोपली ज्या कोळ्याची होती, तोही मारला गेला.

त्या रात्री इब्न बतूता किल्ल्यातच राहिला. ती जहाजे रात्रभर जवळच पाण्यावर थांबलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो मालागाला पोहोचला. तेथल्या मोठ्या मशिदीत शहराचा काझी, धर्मशास्त्री आणि प्रतिष्ठित नागरिक बसले होते आणि त्यांच्यापुढे पैसे होते. आदल्या दिवशी धरून नेलेल्या त्या दहा जणांना सोडवण्यासाठी वर्गणी गोळा झाली होती. इतक्या लगेच! यावरून मी असे समजतो की, हे काम त्या शहराच्या अंगवळणी पडलेले होते. माणसे पळवली जात, त्यांची किंमत ठरे, आणि गाव ती भरे.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता, हे येथे स्पष्ट करायला हवे. मुसलमान स्वारही सरहद्द ओलांडून ख्रिस्ती गावांतून माणसे धरून आणत. अशा बंदिवानांची सोडवणूक करणारे मध्यस्थ दोन्ही बाजूंना असत. त्यांच्यासाठी स्पॅनिश भाषेत ‘अल्फाकेके’ असा शब्दच होता आणि तो मूळ अरबी. ख्रिस्ती जगात तर केवळ याच कामासाठी स्थापन झालेले धर्मसंघ होते. गुलामगिरीच्या बाजारात या दोन शत्रूंची भाषा एक होती.

मालागा मात्र भीतीने गोठलेले शहर नव्हते. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेले हे बंदर चौदाव्या शतकात भरभराटीला आले होते. येथले अंजीर आणि बदाम पूर्व-पश्चिमेच्या देशांत जात, डाळिंबांचे दाणे माणकासारखे असत, आणि सोनेरी झळाळीची मातीची भांडी दूरवर निर्यात होत, असे इब्न बतूता सांगतो. जिनोआचे व्यापारी येथे ठाण मांडून होते. बंदरावर नजर ठेवणारा बालेकिल्ला ‘अल्काझाबा’ आजही शहराच्या मधोमध उभा आहे. हा शब्द अरबी ‘अल्-कसबा’वरून आला. आपल्या पुण्यातील कसबा पेठेचा कसबाही तोच. अरबी शब्द पश्चिमेला स्पेनपर्यंत गेला आणि पूर्वेला फारसीमार्गे मराठीत उतरला.

मालागाहून वेलेझ, तेथून उष्ण झऱ्यांचे अल्हामा आणि शेवटी ग्रानादा असा त्याचा मार्ग होता. ग्रानादात त्याला परदेशी फकिरांचा एक समुदाय भेटला. त्यांत समरकंदचा एक, तब्रीझचा एक आणि हिंदुस्थानातले दोघे होते. त्या दोघांविषयी अधिक काहीच लिहिलेले नाही. इतिहास वाचताना अशा ठिकाणी फार चुटपूट लागते.

इब्न बतूताच्या या वाटेतच त्या राज्याच्या जगण्याचे यंत्र दिसते. ग्रानादा हे मस्तक, पण त्याला समुद्र नाही. धान्य आणि मदत आफ्रिकेतून यायची ती मालागा, अल्मेरिया अशा बंदरांतून. बंदर आणि राजधानी यांना जोडणारे रस्ते डोंगरातून जात, आणि त्या रस्त्यांवर वेलेझ, अल्हामा यांसारखी तटबंद नगरे किल्लीसारखी बसलेली होती. बंदर गेले तर राजधानी उपाशी. डोंगरी नगर गेले तर बंदर एकाकी.

हे कोडे कॅस्टिलने १४८२ मध्ये सोडवले. काडिझचा सरदार रोद्रिगो पोन्से दे लेओन याने फेब्रुवारीच्या अखेरीस अचानक छापा घालून अल्हामा घेतले. सरहद्दीवरचे ठाणे नव्हे, तर राज्याच्या काळजातले गाव! त्याने ग्रानादा-मालागा रस्त्यालाच नख लागले. या घटनेचा धक्का इतका मोठा होता की, तिच्यावर रचलेले शोकगीत पुढे स्पॅनिश भाषेत शतकानुशतके गायले गेले. जिंकणाऱ्यांच्या भाषेत हरणाऱ्यांचा विलाप.

कॅस्टिलची इसाबेला आणि अ‍ॅरागॉनचा फर्डिनांड यांच्या लग्नाने दोन ख्रिस्ती राज्ये एका हेतूने उभी होती. उलट ग्रानादात सुलतान अबुल हसन, त्याचा मुलगा बोआब्दिल आणि भाऊ अल्-झगल यांच्यात यादवी माजली होती. त्यात भर तोफांची. उंच कड्यावरचा जो कोट पूर्वी वर्षभर दाद देत नसे, त्याच्या भिंती आता काही दिवसांत ढासळू लागल्या.

रोंडा १४८५ च्या मे महिन्यात पडले. येथे तोफांच्या जोडीला पाण्यानेही घात केला. नगर कड्यावर, नदी खाली दरीत. खडकाच्या पोटात कोरलेल्या लांबलचक जिन्याने पाणी वर आणले जाई आणि ते वाहण्याचे काम ख्रिस्ती बंदिवानांकडून करून घेतले जाई. वेढा घालणाऱ्यांनी ही वाट हेरून तोडली. तो जिना आजही उतरून पाहता येतो. (रोंडाचे ज्याचे छायाचित्र सर्वत्र झळकते तो ९८ मीटर उंचीचा पूल मात्र बराच नंतरचा, तो १७९३ मध्ये पूर्ण झाला.) या युद्धात सुटलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या बेड्या तोलेदो येथील सान हुआन दे लोस रेयेस या मठाच्या बाहेरील भिंतीवर टांगण्यात आल्या. लोखंडी साखळ्यांच्या रांगा तेथे आजही लटकत आहेत.

त्याच वर्षी मार्बेया शरण आले. एप्रिल १४८७ मध्ये वेलेझ गेले आणि मालागाचा ग्रानादाशी उरलासुरला संबंध तुटला.

मालागाचा वेढा मे महिन्यात सुरू झाला. वरच्या खिब्राल्फारो किल्ल्यात हामेत एल् झेग्री हा कडवा किल्लेदार आफ्रिकी शिबंदीसह बसला होता आणि त्याला तहाचा शब्दही ऐकायचा नव्हता. खाली शहरातल्या व्यापाऱ्यांना तह हवा होता. अल्-झगलने मदतीसाठी सैन्य धाडले, तेव्हा ते वाटेत अडवून उधळले कोणी? बोआब्दिलने, खुद्द त्याच्या पुतण्याने. शहरात घोडे खाऊन झाले, मग कुत्री आणि मांजरे. इब्राहिम नावाच्या एका फकिराने शरण आल्याचा बहाणा करून राजा-राणीचा खून करण्याचा प्रयत्न केला. पण वेगळ्याच उमरावाला आणि एका मानकरणीला राजा-राणी समजून त्याने वार केला आणि तो जागीच मारला गेला.

ऑगस्टमध्ये, साडेतीन महिन्यांनी, अली दोर्दुक्स या व्यापाऱ्याने शहराच्या वतीने बोलणी केली. फर्डिनांडने कोणतीही अट मान्य केली नाही. इतर नगरांना शरणागतीच्या बदल्यात घरदार आणि धर्म राखू दिला होता. मालागाने प्रतिकार केला होता, म्हणून तिला शिक्षा करायची होती. दोर्दुक्स, त्याचे कुटुंब आणि थोडे लोक वगळता सारे शहर गुलाम ठरले. अभ्यासकांचे अंदाज अकरा ते पंधरा हजार माणसांच्या दरम्यान आहेत.

आणि मग त्यांची किंमत सांगण्यात आली: माणशी ३० दोब्ला, म्हणजे सोन्याची तीस नाणी. म्हातारा, तान्हे मूल, सर्वांना एकच दर. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण शहराची रक्कम भरली तरच सुटका. घरातील दागदागिने आणि चीजवस्तू या रकमेत जमा धरल्या जातील, असेही जाहीर झाले. त्यामुळे लोकांनी दडवलेले सोनेनाणेही आपण होऊन बाहेर आणून दिले. रक्कम पुरी होणे शक्यच नव्हते आणि ती झाली नाही. दागिने गेले, माणसेही गेली. एक तृतीयांश आफ्रिकेतील ख्रिस्ती कैद्यांच्या बदल्यात द्यायची, एक तृतीयांश वेढ्यात लढलेल्यांना वाटायची, एक तृतीयांश खजिन्यासाठी विकायची, अशी त्यांची विभागणी झाली. शंभर जण रोमला पोपकडे नजराणा म्हणून गेले. शहरातील सुमारे साडेचारशे ज्यूंची सुटका कॅस्टिलमधील त्यांच्या धर्मबांधवांनी पैसे भरून केली. पाच वर्षांनी, १४९२ मध्ये, त्याच राजा-राणीने राज्यातील सर्वच ज्यूंपुढे बाप्तिस्मा किंवा हद्दपारी एवढेच दोन पर्याय ठेवले.

१३५० मध्ये दहा माणसांसाठी काझीने मशिदीत वर्गणी जमवली होती. १४८७ मध्ये वर्गणी जमवणारेच विक्रीला निघाले. ती मशीद कॅथीड्रल झाली. पुढे तिच्या जागी नवी प्रचंड इमारत उभारायला सुरुवात झाली. पैशांअभावी तिचा दुसरा मनोरा अर्धवटच राहिला, म्हणून मालागेकर तिला लाडाने ‘ला मान्किता’, एका हाताची बाई, म्हणतात.

ग्रानादाची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. २ जानेवारी १४९२ रोजी बोआब्दिलने अल्हम्ब्रा स्वाधीन केला. तहात मुसलमानांना धर्म, मशिदी आणि कायदे राखण्याचे स्पष्ट वचन होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. १५०२ च्या हुकुमाने बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच उरले. बाप्तिस्मा घेतलेल्यांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. ते नावाने ख्रिस्ती होते, पण त्यांच्यावरचा संशय कधी फिटला नाही.

किनाऱ्यावरचे मनोरे आता नव्या मालकांचे होते. काही जुने डागडुजी करून वापरले, काही नवे बांधले. फरक इतकाच की, पूर्वी मुसलमान पहारेकरी ख्रिस्ती जहाजांची वाट पाहत बसे. आता ख्रिस्ती पहारेकरी आफ्रिकेतील चाच्यांची. या पहाऱ्याचा खर्च भागवण्यासाठी ‘फार्दा’ नावाचा कर होता आणि तो मोरिस्कोंकडून वसूल होई. आपल्यावरच्या संशयाचा खर्च त्यांनीच भरायचा! ‘किनाऱ्यावर मूर आहेत’ हा वाक्प्रचार त्याच काळची आठवण जपतो. ‘जपून बोल, कोणीतरी ऐकते आहे’ या अर्थाने स्पॅनिश माणूस तो आजही सहज वापरतो.

१५६७ मध्ये मोरिस्कोंची भाषा, वेश, हमामखाने यांवर बंदी आली आणि १५६८ च्या नाताळात ग्रानादाच्या डोंगरांत बंड पेटले. नेर्खाच्या वरच्या अंगाला असलेल्या फ्रिखिलियाना या गावाजवळच्या सुळक्यावर १५६९ मध्ये मोठी लढाई होऊन बंडवाले चिरडले गेले. आज ते गाव स्पेनमधील अतिशय देखण्या गावांत गणले जाते. त्याच्या गल्ल्यांत रंगीत फरशांचे फलक लावलेले आहेत. पर्यटक त्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. फलकांवर त्या लढाईचीच हकीकत लिहिलेली आहे.

बंडानंतर ग्रानादाच्या मोरिस्कोंना उचलून कॅस्टिलभर विखुरण्यात आले. रिकामी घरे आणि शेते उत्तरेकडून आणलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना वाटली गेली. १६०९ ते १६१४ या काळात साऱ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख मोरिस्को समुद्रापार हाकलले गेले. आपण ज्यांना ‘मुरांची पांढरी गावे’ म्हणून पाहतो, त्यांतील आजची बरीच कुटुंबे त्या नव्या वसाहतकारांच्या वंशातली आहेत. गल्ल्यांची वळणे, पाण्याचे पाट आणि गावांची नावे तेवढी जुनी.

चाच्यांचे भय ओसरले तरी किनारा कोळ्यांच्या वस्त्यांचाच राहिला. त्याच्या नशिबी आणखी एक काळा अध्याय होता. यादवी युद्धात, फेब्रुवारी १९३७ मध्ये, फ्रँकोच्या फौजांनी मालागा घेतले आणि हजारो कुटुंबे किनाऱ्यालगतच्या रस्त्याने अल्मेरियाकडे पायी निघाली. समुद्रातून युद्धनौकांनी आणि आकाशातून विमानांनी त्या रांगांवर मारा केला. एका बाजूला कडे, दुसऱ्या बाजूला पाणी. दडायला जागाच नव्हती. रक्तसंक्रमणाच्या साहित्याची गाडी रिकामी करून निर्वासितांना वाहून नेणारा एक कॅनेडियन डॉक्टर तेथे होता: नॉर्मन बेथून. पुढे तो चीनमध्ये गेला आणि तेथेच वारला. त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी सांभाळले.

हॉटेले आली ती त्यानंतर, १९५० च्या दशकापासून. मग किनारा इतक्या वेगाने भरला की सुहैलचा किल्ला आज फुएन्खिरोलाच्या इमारतींच्या गराड्यात एका टेकाडावर उभा दिसतो. उन्हाळ्यात तेथे संगीताचे जलसे होतात. आणि मालागाच्या महापौराला, स्पेनमधल्या इतर साऱ्या महापौरांप्रमाणे, ‘अल्काल्दे’ म्हणतात. मूळ अरबी शब्द ‘अल्-काझी’.